दर नऊ मुलांमागे एक

गावातली पोरं त्यांना ‘आ-कर डॉक्टर’ म्हणायची. मूल समोरच्या स्टुलावर बसलं रे बसलं, की नाव विचारायच्या आधी डॉक्टरांच्या तोंडून “आ कर बघू” निघायचं, आणि मुलाने तोंड उघडायच्या आत त्यांचं स्वतःचंच उघडलेलं असायचं. बाजारातून चालले की एखादं द्वाड कार्टं दुकानाच्या आडून भला मोठा आ करून दाखवायचं. डॉक्टर हातातली पिशवी सावरून तितकाच मोठा आ करून त्याला उत्तर द्यायचे आणि गंभीर चेहऱ्याने पुढे जायचे.

सव्वीस वर्षं ते त्या गावात होते. गाव दगडखाणींचं, तसं लहानच. पण रुग्णालय मात्र गावाच्या मानाने भलतं मोठं. कोणे एके काळी सरकारच्या हाताशी पैसा होता आणि कोणा साहेबाच्या मनात आलं, म्हणून ते तिथे उभं राहिलं, याहून जास्त कोणालाच सांगता यायचं नाही. मुलांचा अठरा खाटांचा वॉर्ड आणि दोन टेबलांचं ऑपरेशन थिएटर. भूल देणारे डॉक्टर दर बुधवारी लांबून यायचे, म्हणून बुधवार ऑपरेशनचा दिवस. दर बुधवारी आठ मुलं. बहुतेक सगळी टॉन्सिलची.

डॉक्टरांचा हात हलका होता, हे सगळ्यांना माहीत होतं. आया आपल्या मुलींना सांगायच्या, अगं, तुझेही त्यांनीच काढलेत, काही कळलंसुद्धा नाही. काही घरांत तर आई आणि मूल दोघांचे टॉन्सिल डॉक्टरांनीच काढलेले.

घरी मात्र आ करून दाखवायला कोणी नव्हतं. बायको चार वर्षांपूर्वी गेली. मुलगी दूरच्या शहरात, नवरा आणि नोकरी सांभाळून दर रविवारी संध्याकाळी फोन करायची. बाबा, जेवलात का, गुडघा कसा आहे, हिवाळ्याचे कपडे बाहेर काढलेत का. प्रश्न ठरलेले, उत्तरंही ठरलेली. बाकी सहा दिवस डॉक्टर संध्याकाळी घरी यायचे, रेडिओ लावायचे आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभ्याउभ्याच जेवून घ्यायचे. एकट्या माणसाने टेबल मांडून बसायचं म्हणजे, त्यांच्या मते, नाटकच. रेडिओवर काय चाललंय ते त्यांना क्वचितच सांगता आलं असतं. घरात कोणीतरी बोलत असावं, एवढंच त्यांना पुरायचं.

दर वर्षी मुख्य कचेरीत सगळ्या विभागांच्या डॉक्टरांची बैठक भरायची. नेहमीची भाषणं, नेहमीचा गार चहा. त्या वर्षी मात्र आकडेवारी विभागातली एक नवी मुलगी उभी राहिली. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, चष्मा सारखा नाकावरून घसरायचा. तिने भिंतीवर एक तक्ता दाखवला. कुठल्या विभागात किती मुलं रुग्णालयात जातात, मुलांसाठी किती खाटा, किती नर्सेस, आणि कुठलं ऑपरेशन किती मुलांवर होतं. गावांची नावं तिने घातली नव्हती, नुसते क्रमांक होते. पण आपापला क्रमांक कोणाला कळत नाही?

टॉन्सिलच्या रांगेवर ती थांबली. विभाग सातमध्ये दहा वर्षांची होईपर्यंत दर नऊ मुलांमागे एकाचे टॉन्सिल काढलेले असतात, ती म्हणाली. विभाग आठमध्ये सत्तर मुलांमागे एकाचे. मध्ये फक्त एक घाट आहे.

खोलीत हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, घाटावरच्या हवेने टॉन्सिल विरघळत असतील. कोणीतरी डॉक्टरांच्या पाठीवर थाप मारून म्हणालं, काय राव, गाव पुरतं मोकळं करूनच निवृत्त होणार वाटतं. डॉक्टरही हसले. पण त्यांचे कान तापले होते.

चहाच्या वेळी त्यांनी त्या मुलीला गाठलं. सौम्य शब्दांत, पण ज्येष्ठतेच्या सुरात, तिला समजावलं की आमच्याकडे दगडखाणी आहेत, धूळ आहे, ओल आहे. कागदावर बसून या गोष्टी दिसत नाहीत. मुलीने कप खाली ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं.

“तेही बघितलं मी, डॉक्टर,” ती म्हणाली. “घसा दुखतो म्हणून शाळा बुडवणारी मुलं दोन्हीकडे सारखीच निघाली. जवळजवळ तंतोतंत.”

“मग एवढा फरक कशाने पडतो?”

“ते मला आकड्यांतून कळत नाहीये. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमणा परतवता येतो. तिला खरोखरच उत्तर हवं होतं, आणि तिने वही उघडून पेनसुद्धा काढलं होतं. बघून सांगतो, डॉक्टर म्हणाले आणि बस पकडायला निघाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सिस्टरना जुन्या नोंदवह्या काढायला सांगितल्या. या सिस्टर बावीस वर्षं त्यांच्याबरोबर होत्या. थिएटरमध्ये डॉक्टरांनी हात पुढे केला की मागायच्या आत हवं ते हत्यार हातात पडायचं. त्यांनी एकदा डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता कपाटाची किल्ली आणली.

पुढचे तीन आठवडे दुपारची ओपीडी उरकली की दोघं मागच्या खोलीत बसायची. सिस्टर वाचायच्या, डॉक्टर लिहायचे. ऑपरेशनची तारीख, वय, आणि त्याआधी वर्षभरात घसा किती वेळा सुजून आला. डॉक्टरांच्या गुरूंनी त्यांना शिकवलं होतं, वर्षात सात वेळा. सातच्या आत सुरीला हात लावायचा नाही. पहिल्या दोन वर्षांच्या नोंदी तशाच होत्या. सात, सात, आठ, सात. मग कुठेतरी एक पाच आला. मग चार. दहाव्या वर्षापर्यंत सगळीकडे तीन आणि दोन, आणि शेवटच्या वह्यांत तर काही ठिकाणी नुसता एक.

हे कधी ठरलं? डॉक्टरांनी आठवून आठवून पाहिलं. ठरलं कधीच नव्हतं. प्रत्येक वेळी काहीतरी कारण होतं, आणि ते त्या वेळी रास्तच वाटलं होतं. हे कुटुंब लांबच्या वस्तीवरून येतं, पुन्हा कोण आणणार. पुढे थंडी आहे. थोरल्याचं करतोच आहोत तर धाकट्याचंही उरकू, आईला एकदाच रजा घ्यावी लागेल. घरी जाऊन मुलाकडे बघणारी नर्स गावात नव्हतीच. थांबू या म्हणायचं तर कोणाच्या भरवशावर? आणि बुधवारी सहाच मुलं असली की व्यवस्थापक दारात डोकावून विचारायचे, भूलवाले डॉक्टर एवढ्या लांबून आलेत आणि दोन जागा रिकाम्या कशा? त्यात वाईट कोणीच नव्हतं. आठ जागा भरत होत्या एवढंच.

वह्या ते क्रमाने पाहत होते, त्यामुळे ते पान कधी येणार हे दोघांनाही माहीत होतं. ते आलं त्या दुपारी सिस्टर वाचता वाचता थांबल्या आणि वही त्यांनी डॉक्टरांकडे सरकवली.

मुलगी, वय वर्षं सहा. अकरा वर्षं झाली होती त्याला. घरात तिला टिल्ली म्हणायचे. ऑपरेशन उत्तम झालं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. सहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तिच्या घशातून रक्त सुरू झालं. आई तिला उचलून धावत रुग्णालयात आली, मागोमाग बाप, पण रुग्णालय गावाच्या एका टोकाला आणि घर दुसऱ्या. डॉक्टरांनी जे जे शक्य होतं ते सगळं केलं. पाऊण तासाने ती गेली. चौकशी झाली. कोणाची चूक नाही, असा प्रकार हजारांत एखाद्या वेळी घडतो, असा अहवाल आला. डॉक्टरांनी तो अहवाल मनाशी घट्ट धरून ठेवला होता. ऑपरेशन आवश्यक होतं आणि नशीब वाईट होतं. या दोन वाक्यांवर ते अकरा वर्षं झोपले होते.

पानावर घसा आल्याच्या दोन तारखा होत्या. दोनच. दोन्हींमध्ये पाच महिन्यांचं अंतर.

“घाटापलीकडे जन्मली असती तर,” डॉक्टर म्हणाले आणि पुढचं गिळलं.

सिस्टरनी वही हळूच मिटली. आज एवढंच पुरे, म्हणाल्या.

त्या रविवारी मुलीचा फोन आला तेव्हा डॉक्टरांच्या ओठांवर टिल्लीचं नाव आलं होतं. पण मागे नातवंडांचा गलका चालला होता, कोणीतरी दूध सांडलं होतं, आणि मुलगी एक कान फोनला लावून दुसऱ्या हाताने फरशी पुसत असावी. गुडघा बरा आहे, ते म्हणाले. हिवाळ्याचे कपडेही काढलेत.

पुढच्या गुरुवारी त्यांनी बस पकडली आणि घाटापलीकडे गेले. सव्वीस वर्षांत त्या गावात ते कधी उतरले नव्हते. जायचं कारणच पडलं नव्हतं.

तिथला दवाखाना म्हणजे एका शाळेच्या आवारातल्या तीन खोल्या. थिएटर नाही, मुलांसाठी खाटा फक्त चार. पण दोन नर्सेस होत्या, त्या सायकलवरून शाळाशाळांत आणि घराघरांत फिरायच्या. भिंतीशी लाकडी खणांचं कपाट, आणि त्यात गावातल्या प्रत्येक मुलाचं कार्ड. घसा आला की नर्स तिसऱ्या दिवशी घरी, मग महिन्याने पुन्हा. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, तोडून बोलणाऱ्या. आ-कर डॉक्टर कशासाठी आलेत हे कळल्यावर त्यांनी खुर्ची पुढे केली आणि सांगितलं, बसा, सकाळभर बघा.

डॉक्टर सकाळभर बसले. अकरा मुलं घशाची आली. त्यांतल्या सात जणांची नावं डॉक्टरांनी मनातल्या मनात बुधवारच्या यादीत घालूनही टाकली होती. डॉक्टरीणबाईंनी त्या सगळ्यांना एकच सांगितलं, थांबू या. आणि कार्ड नर्सकडे दिलं.

“मागाहून काय होतं यांचं?” डॉक्टरांनी विचारलं.

“बहुतेकांचं आपोआप थांबतं. वाढतात पोरं.” मग त्या म्हणाल्या, “मला फार शहाणी समजू नका. थिएटरच नाही, तर थांबण्याशिवाय करणार काय? तुमचं थिएटर मला दिलं असतं, तर मीही तुमच्यासारखंच केलं असतं कदाचित.”

मग त्यांनी बाहेर बसलेल्या एका बापाला आत बोलावलं. त्याच्या मांडीवर पाच वर्षांची मुलगी होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, तोंड उघडंच. तिला आ करायला सांगावंच लागलं नाही. दोन्ही टॉन्सिल मध्यावर एकमेकांना टेकले होते. झोपेत तिचा श्वास अडकायचा. बाप सांगत होता, आम्ही दोघं आळीपाळीने उशाशी बसतो, श्वास थांबला की हलवून जागं करतो. चौदा महिने मोठ्या शहरातल्या यादीत तिचं नाव होतं.

चौदा महिने. आणि घाटाच्या अलीकडे दर बुधवारी आठ ऑपरेशनं. डॉक्टरांनी मुलीच्या जबड्याखाली बोटं ठेवली, तिच्या छातीला नळी लावली, आणि बापाला म्हणाले, “येत्या बुधवारी सकाळी सातला घेऊन या. उपाशीपोटी.” बाप डॉक्टरीणबाईंकडे बघत राहिला, आपण बरोबर ऐकलं का या विचाराने.

परतीच्या बसमध्ये डॉक्टर खिडकीशी बसले. चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वाटलं, बायको आज हवी होती. ती काही बोलली नसती, पण ऐकून घ्यायला कोणीतरी हवं होतं.

टिल्लीच्या आईकडे जायचं त्यांनी ठरवलं तेव्हा सिस्टर पहिल्यांदा त्यांच्याशी वाद घालायला उभ्या राहिल्या. जखम भरलीये तिची, त्या म्हणाल्या, कशाला उकरताय? तुम्हाला मोकळं व्हायचंय, पण त्याचं ओझं तिने का उचलायचं? खरं सांगायचं तर सिस्टरचं म्हणणं डॉक्टरांना पटलंही होतं. आठ दिवस ते गेले नाहीत. नवव्या दिवशी दुपारी पाय आपसूक बाजाराकडे वळले.

टिल्लीची आई शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश, पडदे, फाटलं-उसवलं. दुकान म्हणजे एक अरुंद खोली, अर्धी मशीनने आणि अर्धी कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेली. डॉक्टर या रस्त्याने कधी येत नसत. भाजीला जायचं तर मागच्या बोळातून जायचे. तिने मान वर केली, त्यांना ओळखलं, आणि मशीनवरचा पाय थांबला.

तिने स्टूल दाखवलं. ते बसले नाहीत. उभ्यानेच, घरून मनाशी जुळवून आणलेली वाक्यं त्यांनी एकामागून एक सांगितली. नोंदी पुन्हा पाहिल्या. टिल्लीचा घसा वर्षात दोनदाच आला होता. तेवढ्यासाठी ऑपरेशन करायला नको होतं. पलीकडच्या गावात तिला कोणी हातही लावला नसता. तेव्हा मी तुम्हाला म्हणालो होतो की ते गरजेचं होतं. ते खरं नव्हतं. मला तेव्हा ते खरं वाटत होतं, पण ते खरं नव्हतं.

ती सुईखालचं कापड बोटांनी सरळ करत राहिली, जरी ते सरळच होतं. मग तिने विचारलं, “आणि बिस्कीट?”

डॉक्टरांना समजलं नाही.

“त्या दिवशी सकाळी ती बिस्कीट मागत होती. पाच दिवस नुसतं दूध आणि पातळ खाऊन कंटाळली होती. मी दिलं. एकच.” तिचा आवाज सपाट होता. “मी तिला घेऊन आले तेव्हा तुम्ही विचारलंत, हिला काही कडक खायला दिलं होतं का. माझ्या तोंडून निघालं, बिस्कीट. तिचे बाबा शेजारी उभे होते.”

डॉक्टरांना हे आठवत नव्हतं. अजिबात. हात कामात असताना ते असं काहीबाही विचारायचे, नोंदीसाठी, सवयीने. नर्सेसना विचारायचे, आयांना विचारायचे. उत्तर ऐकलंही नसेल त्यांनी. आता मात्र ते स्टुलावर बसले.

“बिस्किटाने नाही झालं,” ते म्हणाले. “सहाव्या-सातव्या दिवशी घशातली खपली सुटतेच. क्वचित एखाद्याला रक्त येतं. नुसत्या दुधावर ठेवलं असतं तरी आलं असतं. त्याचा बिस्किटाशी काही संबंध नाही.”

“हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?”

“हो.”

“मग सांगितलं का नाही?”

“तुम्ही तसं धरून बसला असाल हे माझ्या मनातच आलं नाही.”

रस्त्यावरून शाळा सुटलेली पोरं चालली होती. त्यांतल्या एकाने डॉक्टरांना दुकानात पाहिलं आणि आ करून दाखवला. डॉक्टरांनी मान फिरवली.

तिने सांगितलं ते थोडक्यात असं. तिच्या नवऱ्याने तिला मोठ्याने कधीच काही म्हटलं नाही. फक्त त्या दिवसापासून तो तिच्या हातचं काही खाईना. वर्षभराने खाणीचं काम सोडून तो आपल्या भावाकडे राहायला गेला, तीन तासांवर. भांडण नाही, तंटा नाही. सणासुदीला नातेवाईक विचारायचे तेव्हा तीच सांगायची, तिकडे पगार बरा आहे. आणि तिला स्वतःलाही वाटायचं, गेला ते ठीकच केलं.

“जा आता,” ती म्हणाली. “मला काम आहे.”

डॉक्टर उठले. ते उंबऱ्यापाशी पोचेपर्यंत मागे मशीन सुरू झाली होती.

पाच दिवसांनी ती ओपीडीत आली. नंबर घेऊन, रांगेत, इतर आयांमध्ये बसून. तिच्या मांडीवर मूल नव्हतं, म्हणून दोघी-तिघी तिच्याकडे वळून बघत होत्या. आत आल्यावर ती मुलांच्या स्टुलावर बसली.

“तुम्ही बोललात ते मला लिहून द्या,” ती म्हणाली. “दोन्ही गोष्टी. ऑपरेशनचं आणि बिस्किटाचं. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, अकरा वर्षांनी ही स्वतःची सुटका करून घेतेय.”

सिस्टर कपाटाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांचे हात थांबले. तोंडी सांगणं वेगळं आणि लिहून, सही करून देणं वेगळं, हे त्या खोलीतल्या तिघांनाही कळत होतं. तो कागद कोणाच्याही हाती लागू शकला असता. डॉक्टरांची निवृत्ती दीड वर्षावर होती.

डॉक्टरांनी रुग्णालयाचा छापील कागद घेतला आणि लिहायला बसले. अवघड शब्द त्यांनी टाळले. टिल्लीचं शाळेतलं पूर्ण नाव, दोन तारखा, आणि ऑपरेशन करायचं हा निर्णय माझा होता, असं. खपलीबद्दल दोन वाक्यं. आईच्या हातून काहीही चुकलेलं नाही, हे त्यांनी वेगळ्या ओळीवर लिहिलं. सही केली, शिक्का मारला आणि कागद तिच्याकडे दिला. तिने तो तिथेच, ओठ हलवत, शेवटपर्यंत वाचला.

“मी तुम्हाला माफ करायला आले नाही,” ती घडी घालताना म्हणाली.

“माहीत आहे.”

“बरं.” आणि ती गेली. बाहेर पुढच्या नंबराचं मूल रडत होतं.

त्यानंतर डॉक्टरांनी मुख्य कचेरीला पत्र लिहिलं. आकडेवारीच्या मुलीला द्यायचं उत्तर होतं, ते चार पानांचं झालं. शेवटी त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. बुधवारच्या आठ जागांपैकी पाच घाटापलीकडच्या मुलांना द्याव्यात. आणि त्यांच्या गावाला घरोघर फिरणारी एक नर्स द्यावी. मुलीने ते पत्र कुठे कुठे फिरवलं कोण जाणे. खालच्या खुर्च्यांवरून वरच्या खुर्च्यांवर जायला त्याला सात महिने लागले, पण नर्स आली. सायकलसकट आली. पलीकडची मुलं बुधवारी पहाटेच्या बसने यायला लागली. त्यांत ती काळ्या वर्तुळांची मुलगी नव्हतीच, तिचं ऑपरेशन केव्हाच उरकलं होतं; तिच्या बापाने निरोप पाठवला होता की आता ती घोरतसुद्धा नाही, आणि आम्हा दोघांना मात्र सवयीने जाग येते.

आपल्या गावात मात्र डॉक्टरांचं अवघड झालं. थांबू या, असं ते म्हणाले की आया त्यांच्या तोंडाकडे बघत राहायच्या. शेजारणीच्या मुलाचे काढलेत, मग माझ्याच मुलाला का नाही? व्यवस्थापक उघड बोलले नाहीत, पण बोलणंच कमी केलं. गावात कुजबुज सुरू झाली की डॉक्टरांचा हात आताशा थरथरतो, म्हणून ऑपरेशनं टाळतात. काही जण मुलांना घेऊन मोठ्या शहरात खाजगी रुग्णालयात जाऊ लागले. डॉक्टरांनी एकदा थिएटरमध्ये हातमोजे घालण्याआधी आपला हात उजेडात समोर धरून पाहिला. सिस्टरनी ते पाहिलं.

“दगडासारखा आहे,” त्या म्हणाल्या, आणि हत्यारं मांडायला लागल्या.

त्या कागदाचं काय झालं हे डॉक्टरांना कळलं नाही. कोणाची तक्रार आली नाही, चौकशी झाली नाही. नवी नर्स गावभर फिरायची, पण शिवणवाल्या बाईच्या घरात मूल नव्हतं, त्यामुळे तिचं तिकडे जाणं नव्हतं. विचारायचा आपल्याला हक्क नाही, असं डॉक्टरांनी स्वतःला बजावलं होतं, आणि ते पाळलंही.

निवृत्तीला महिना राहिला असेल. मागच्या बोळात खोदकाम चाललं होतं, म्हणून डॉक्टर भाजी घेऊन बाजाराच्या रस्त्याने निघाले. दुकानाचं दार उघडं होतं. ती एक लांबच लांब पडदा कापत होती, आणि त्याचं दुसरं टोक जमिनीला लागू नये म्हणून एक माणूस दोन्ही हातांनी वर धरून उभा होता. केस पांढरे झाले होते, खांदे वाकले होते, तरी डॉक्टरांनी त्याला ओळखलं. टिल्ली गेली त्या दिवशी पाऊण तास तो खाटेच्या पायथ्याशी असाच, हात पुढे धरून उभा होता. ती कात्री चालवत एकेक हात पुढे सरकत होती, आणि ती सरकली की तो तेवढाच मागे होत होता. कोपऱ्यातल्या गठ्ठ्यावर त्याची प्रवासाची पिशवी होती, अजून न उघडलेली.

त्यांचं रस्त्याकडे लक्ष नव्हतं. डॉक्टर क्षणभर थांबले, मग पिशवी या हातातून त्या हातात घेऊन चालू लागले. घरी येऊन त्यांनी भाजी निवडली, रेडिओ लावला, आणि त्या संध्याकाळी का कोण जाणे, ताट घेऊन टेबलाशी बसले. समोरची खुर्ची आत सरकवलेली होती. ती त्यांनी तशीच राहू दिली आणि जेवायला लागले.